18,000 च्या पगारात वर्ष कसं बसवायचं

चौघांच्या घरात महिन्याचा हिशेब कसाबसा जुळतो. गाडी अडते ती जूनमध्ये आणि दिवाळीत. फी, वह्या-पुस्तकं, छत्र्या एकदम अंगावर येतात आणि सावकाराकडून 5 टक्क्यांनी 10,000 उचलले जातात. हे 5 टक्के महिन्याचे. दरमहा 500, म्हणजे वर्षाला 6,000 व्याज भरूनही मुद्दल जागेवरच. म्हणून आधी वर्षाचा हिशेब मांडा, महिन्याचा नंतर.

1. पाठकोऱ्या कागदावर वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहा. समजा शाळा 6,000, दिवाळी 7,000, गावी जाणं-येणं 3,000, दोघांचा विमा 912. बेरीज 16,912, 12 ने भागा, दरमहा साधारण 1,410. इथे एक चूक हमखास होते. डिसेंबरात सुरुवात केली तर जूनपर्यंत सहाच पगार हातात येतात, तेव्हा शाळेसाठी महिना 500 नाही, 1,000 काढावे लागतात. पहिल्या वर्षी उरलेल्या पगारांनीच भागा.

2. ही रक्कम पगाराच्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. शून्य शिलकीचं जनधन खातं चालेल. त्याला मोबाइलचं पेमेंट अ‍ॅप जोडू नका. कार्ड पाकिटात नको, कपाटात. ‘महिनाअखेरीला उरेल ते टाकू’ म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. 1,410 झेपत नसतील तर निदान शाळेचे तरी काढा.

3. सावकाराचं देणं असेल तर या रकमेच्या वर उरणारा प्रत्येक रुपया आधी तिकडे, आणि भरताना मुद्दल किती कमी झालं ते लिहून घ्या. वर्षाला 60 टक्के व्याज भरत असताना पोस्टात बचत करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

4. कमावत्या माणसाचा विमा बँकेतूनही होतो. सरकारी योजना दोन: जीवनज्योती वर्षाला 436 रुपये (वय 18 ते 50), सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये (18 ते 70). पहिल्यात कोणत्याही कारणाने आणि दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास प्रत्येकी 2 लाख मिळतात. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. नेमके तेव्हाच खात्यात पैसे नसतात आणि विमा बंद पडतो, घरच्यांना पत्ताही नसतो. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात माणशी 500 ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून नोंद बघा. दोन बँकांतून तोच विमा काढला तरी भरपाई एकदाच मिळते. वारसाचं नावही तपासा. लग्नाआधीच्या खात्यात बऱ्याचदा अजून आईचंच नाव असतं.

5. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, यानंतर. ती महिना 100 रुपयांपासून सुरू होते, पण मुदत 5 वर्षांची, त्यामुळे जूनची फी तिच्या भरवशावर ठेवू नका. हप्ता चुकला तर शंभरामागे महिना 1 रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि चालू करायला दोनच महिने मिळतात. 1,000 ची काढून मध्येच सोडण्यापेक्षा 300 ची काढा.