सॉलिड वुड पॅनल का वाकतं, का फाटतं: या चुका टाळा

लाकडाच्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवलेलं पॅनल दिसतं एखाद्या रुंद फळीसारखं आणि बहुतेक वेळा हाताळलं जातं प्लायसारखं. घोळ तिथेच होतो. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो आणि ते थर एकमेकांना धरून ठेवतात. इथे सगळ्या पट्ट्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेला धावतात. चिकटवल्याने रुंदी मिळते, पण लाकडाचं फुगणं-आकसणं काही थांबत नाही.

हे फुगणं जवळजवळ सगळं रुंदीत होतं. ६०० मिमी रुंद बीचच्या पॅनलमधला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर ते सात ते नऊ मिलिमीटर रुंदावू शकतं. तेवढ्याच फरकाने दोन मीटर लांबीत एक मिलिमीटरही वाढ दिसत नाही. आणि ८ ते १२ हा काही फार मोठा बदल नव्हे. २० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या जरा वरून ६५ टक्क्यांवर गेली की लाकूड हळूहळू तिथे पोचतं.

जखडून टाकणं

सगळ्यात जास्त पॅनल या एका चुकीने फाटतात. टेबलाच्या वरच्या पॅनलला वाक येऊ नये म्हणून खालून आडवी पट्टी लावतात, तीही गोंद आणि स्क्रू दोन्ही मारून. पट्टीची लांबी बदलत नाही, पॅनलची रुंदी बदलते. हवा कोरडी झाली की पॅनलला आकसायचं असतं, पट्टी सोडत नाही आणि मग जिथे लाकूड कमजोर तिथे भेग पडते.

आडवी पट्टी लावायला हरकत नाही, पण गोंद नको. मधला स्क्रू साध्या गोल छिद्रातून घट्ट घ्या. बाजूच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट छिद्रं पाडा, पॅनलच्या रुंदीच्या दिशेने, आणि वॉशर घाला. स्क्रू आवळल्यावर पाव फेरा सैल सोडा. भिंतीला लागून असलेल्या काउंटरला पुढची कड पक्की करा आणि मागची मोकळी ठेवा, म्हणजे सगळी हालचाल भिंतीकडे जाते आणि दिसत नाही. भिंतीपाशी तेवढी फट मात्र हवी.

दाराच्या चौकटीतलं पॅनल खाचेत नुसतं बसवायचं, चिकटवायचं नाही. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: बसवण्याआधी पॅनलला कडेपर्यंत रंग किंवा पॉलिश करून घेणं. नंतर केलं, तर पॅनल आकसल्यावर चौकटीलगत कोऱ्या लाकडाची बारीक पट्टी उघडी पडते आणि दार नवं असूनही अर्धवट सोडल्यासारखं दिसतं.

भेग पडलीच, तर आधी ती नीट वाचा

पुटी भरायची घाई करू नका. भिंग घेऊन भेगेच्या आतल्या कडा बघा. लाकडाचे तंतू ओढून निघालेले दिसले, तर जोड चांगला होता, पॅनल कुठेतरी जखडलं गेलं होतं. कडा गुळगुळीत आणि गोंदाचा थर चकचकीत दिसला, तर दोष चिकटवण्यात आहे: गोंद लावून फार वेळ गेला, दाब कमी पडला किंवा रंधा मारून ठेवलेल्या जुन्या कडा तशाच वापरल्या. पांढऱ्या गोंदाचा थर खडूसारखा भुकटीदार दिसत असेल, तर चिकटवताना थंडी जास्त होती आणि गोंदाचा सलग पापुद्रा धरलाच नाही.

भेग फक्त टोकाला असेल, तर टोकाचा काप उघडा राहिला होता. लाकडातला ओलावा टोकातून कितीतरी भराभर निघतो. मधला भाग अजून फुगलेला असताना टोक आकसतं आणि फाटतं. पॅनल कापल्याबरोबर टोकांना तेलाचा किंवा वार्निशचा हात मारून ठेवला, तर हे बरंचसं टळतं.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जखडलेली जागा मोकळी करा. मग पॅनल चार-सहा दिवस त्याच खोलीत राहू द्या. पुष्कळदा भेग अर्धीअधिक आपणच मिटते. राहिलेली लांब भेग करवतीने सरळ उघडून, कडांना रंधा मारून पुन्हा चिकटवणं सगळ्यात पक्कं. कोरड्या हवेत भेगेत कडक पुटी ठासली, तर दमट हवेत लाकडाला फुगायला जागा उरत नाही आणि बाजूलाच नवी भेग पडते.

स्वतः पट्ट्या जोडत असाल तर

सगळ्या पट्ट्यांचा ओलावा मीटरने तपासा आणि मीटरवर लाकडाची जात निवडायला विसरू नका. घरातल्या सुतारकामाला ८ टक्के, दोन वर किंवा दोन खाली, हे धरून चालतात. कडांना रंधा मारला त्याच दिवशी चिकटवा. सागासारख्या तेलकट लाकडाच्या कडा ॲसिटोनने पुसून लगेच जोडा. दाब मऊ लाकडाला चौरस मिलिमीटरला साधारण ०.७ ते १ न्यूटन, कठीण लाकडाला त्याहून बराच जास्त. जोडाच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे बारीक मणी एकसारखे बाहेर आले, तर दाब सगळीकडे पोचला. एखाद्या भागात मणीच नसतील, तर तो जोड लगेच उघडा. सुकल्यावर कळून उपयोग नाही. ओकवर लोखंडी क्लॅम्प ठेवताना मधे कागद घाला, नाहीतर ओल्या गोंदाजवळ काळे डाग उठतात.

आता घाईची चूक. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते जोडाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरतं आणि तिथे पट्टी किंचित फुगते. क्लॅम्प काढल्याकाढल्या पॅनल रंध्याखाली घातलं, तर तो फुगवटा कापला जातो आणि पृष्ठभाग छान सपाट दिसतो. काही दिवसांनी ते पाणी उडून जातं, लाकूड मूळ जाडीवर येतं आणि प्रत्येक जोडावर उथळ पन्हळ उमटते. चकचकीत वार्निशखाली तिरप्या उजेडात ती ठळक दिसते. उपाय एकच, पुन्हा घासणं. म्हणून जोडल्यावर पॅनलला निदान दोन-तीन दिवस द्यावेत.

वाक आणि पिळा

वाकलेल्या पॅनलची फुगीर बाजू ही ओलसर बाजू, एवढं लक्षात ठेवलं की कारण सापडतं. जमिनीवर आडवं ठेवलेलं पॅनल वरून सुकतं आणि त्याच्या कडा वर येतात. वरून वजन ठेवून ते दाबत बसण्यात अर्थ नाही. उलटं करा आणि खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल. बहुतेक पॅनल आठवड्याभरात सरळ होतात. पिळा पडलेलं पॅनल मात्र क्वचितच सुधारतं. त्याचे तुकडे करून लहान कामात वापरावेत हे बरं.

पॉलिशचं म्हणाल, तर वरून तीन हात आणि खालून काहीच नाही, ही वाक ओढवून घेण्याची खात्रीची रीत. खालची बाजू कोण बघतंय, असं वाटतं खरं; हवा मात्र तिथूनच आत जाते.

जागा चुकली, पॅनल चुकलं

एकाच थराचं जोडपट्टी पॅनल शेल्फ, काउंटर, जिन्याच्या पायऱ्या यांना चालतं. शेल्फमध्ये रेषा लांबीच्याच दिशेला हव्यात. उरलेला तुकडा आडवा लावला, तर भाराखाली तो रेषेवर मोडतो. मोठा, सपाट, न हलणारा पृष्ठभाग हवा असेल, तर आडव्या मधल्या थराचं तीन थरांचं पॅनल घ्या. ईएन १३३५३ या युरोपीय मानकात अशा पॅनलचे (एसडब्ल्यूपी म्हणजे सॉलिड वुड पॅनल) वर्ग आहेत: एसडब्ल्यूपी-१ कोरड्या जागेसाठी, एसडब्ल्यूपी-२ दमट जागेसाठी आणि एसडब्ल्यूपी-३ बाहेरच्या वापरासाठी आहे. पाण्याला किती टिकतो त्यावरून गोंदाचेही वर्ग असतात, डी१ ते डी४. पाणी वारंवार आणि बराच वेळ राहणार असेल, तर डी४ हवा. आणि इमारतीचा भार उचलायला हे पॅनल तुळईसारखं वापरू नका. ग्लूलॅम, म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेली तुळई, त्यासाठीच बनतं आणि त्याची तपासणीही वेगळी असते.

सिंक किंवा शेगडीसाठी छिद्र कापताना आतले कोपरे गोल ठेवा, काटकोनातून भेग सुरू होते. कापलेली आतली कड दिसत नाही म्हणून कोरी सोडली, तर नळाभोवती काही महिन्यांत काळं कडं उमटतं. ओकमध्ये ते विशेष गडद असतं. जागा पूर्ण सुकू द्या, घासा, तरी डाग उरला तर हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचा हलका हात फिरवा, स्वच्छ पुसून वाळवा आणि मगच तेल लावा. नळ काढून छिद्राच्या आतून तेलाचे दोन-तीन हात दिले नाहीत, तर डाग पुन्हा त्याच जागी येतो.