लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेटनंतर सीपीयूचा स्पीड विचित्र वागतोय? आधी हे बघा

लगेच जुन्या कर्नलवर पळू नका. टर्मिनलमधे सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-इन्फो ही कमांड चालवा आणि सीपीयूचा स्पीड सांभाळणारा ड्रायव्हर कुठला लागलाय ते बघा, कारण कर्नल ६.५ पासून बऱ्याच नव्या एएमडी प्रोसेसरवर एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा जुना ड्रायव्हर जाऊन एएमडी-पीस्टेट आपोआप येतो आणि त्याच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमधे गव्हर्नर (स्पीड कधी किती ठेवायचा ते ठरवणारे पर्याय) दोनच दिसतात, परफॉर्मन्स नि पॉवरसेव्ह. म्हणजे ऑनडिमांड हा जुना गव्हर्नर गायब झाला म्हणून काही बिघडलेलं नाही! इथला पॉवरसेव्ह लोड आला की स्पीड वाढवतो, नाव बघून घाबरू नका (इंटेलच्या ड्रायव्हरचं, इंटेल-पीस्टेटचंही तेच). तरी जुनेच गव्हर्नर हवे असतील तर ग्रबच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) कर्नल लाइनमधे एएमडी_पीस्टेट=पॅसिव्ह टाका, ग्रब अपडेट करा, रीबूट मारा. एएमडी-पीस्टेट लोडच होत नसेल तर डीमेसेज (कर्नलचे मेसेज) चाळा आणि बायोसमधे सीपीपीसी (या ड्रायव्हरला लागणारी स्पीड नियंत्रणाची सोय) चालू आहे का बघा.