स्टिअरिंग हलतंय? आधी गाडीखाली शिरा, पार्ट नंतर आणा

ऑफरोड गाडी घेतली की इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात, स्टिअरिंगकडे मात्र कोणी बघत नाही, आणि दगडांचा मार तर आधी तिथंच बसतो.

ट्रेलवरून आल्यावर रोडवर गाडी थरथरायला लागली तर पहिल्यांदा रिमच्या आतून बघा, चिखल वाळून चिकटलेला असतो आणि त्यानेच चाकाचा बॅलन्स जातो, धुतलं की बऱ्याचदा काम झालं. वाळूसाठी हवा कमी केली होती ती परत भरलीत का? वळताना गाडी जड वाटत असेल, टायर फरफटत असतील तर फोर बाय फोर चालूच राहिलंय का बघा, पार्टटाइम सिस्टीम (गरजेपुरतंच फोर बाय फोर लावायची) कोरड्या डांबरी रोडवर वापरायचीच नाही.

एवढं करूनही स्टिअरिंग सैल वाटत असेल तर प्ले, म्हणजे जॉइंटमधला सैलपणा, शोधायचा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच, हँडब्रेक लावून चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, आणि आत बसलेल्याला स्टिअरिंग थोडंथोडंच डावीउजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही पंखा-बेल्टपासून लांब राहून खालून एकेक जॉइंट चाचपा. टाय रॉड एन्ड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा जॉइंट) गेलेला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला टक् असं लागतं. मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी), पिटमन आर्म (ही दांडी हलवणारा बॉक्सवरचा हात) आणि स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट.

पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) असेल तर पॅनहार्ड रॉड, म्हणजे अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू न देणारी दांडी, तपासायची अजिबात सोडू नका. त्याचा बोल्ट ढिला राहिला की भोक हळूहळू लांबट होतं, आणि मग एखाद्या खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं अशी डुगडुगतात की स्टिअरिंग हातात धरवत नाही. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, घट्ट धरून स्पीड हळूहळू कमी करा. यावर लोक सरळ नवीन स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा छोटा शॉक) टाकतात, त्याने रोग फक्त झाकला जातो आणि झिजलेला जॉइंट आतल्या आत आणखी खराब होतो, म्हणून मला हा उपाय मुळीच पटत नाही. गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलं असेल तर कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) तपासून घ्या.

स्टिअरिंग बॉक्सचा, आतल्या गिअरचा सैलपणा कमी करणारा अ‍ॅडजस्टर स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही चाकं सरळ ठेवून अगदी जरासाच. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही.

टाय रॉड एन्ड बदलताना नटची खाच आणि पिनचं भोक जुळत नसेल तर नट कधीच मागे फिरवू नका, पुढेच आवळून जुळवा, पिन नवीन घाला आणि लगेच चाकांची अलाइनमेंट करून घ्या. पाण्यातून गाडी काढली असेल तर जॉइंटच्या ग्रीस निपलमधून (ग्रीस भरायचं तोंड) आतलं मळकं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत नवीन भरा, आणि डिफरन्शिअलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे आत पाणी शिरलंय, तर त्याच दिवशी बदला.