विमानाच्या भागांचं जॉबवर्क: शेड्यूल लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपला गाड्यांच्या पार्टची सवय असते. विमानाच्या पार्टचं शेड्यूल तसंच लावलं की फसतं. इथे माल मशीनवर कमी आणि बाहेरच्या प्रोसेसला जास्त अडकतो.

समजा, अॅल्युमिनियमचे ४० ब्रॅकेट आहेत, नगाला १८ मिनिटं. मशीनिंग १२ तासांत संपतं आणि प्लॅनर ‘परवा देतो’ म्हणून मोकळा होतो. पुढचा हिशोब राहूनच जातो: पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रवाने बारीक तडे शोधणं) ३ दिवस, अॅनोडायझिंग (गंज रोखणारा थर) ५, पुण्याला ये-जा ३, अंतिम तपासणी आणि सर्टिफिकेटं २. झाले १३ दिवस. म्हणून डिलिव्हरीच्या तारखेपासून उलटं मोजा, आणि ग्राहकाने मंजूर केलेल्या प्रोसेसरकडे तारीख आधी बुक करा. घाई झाली म्हणून जवळचा प्लेटर चालत नाही. मंजुरी नसेल तर लॉट नापास.

जास्त ताकदीच्या पोलादाला कॅडमियम प्लेटिंग असेल, तर शनिवारी संध्याकाळी माल पाठवू नका. प्लेटिंगनंतर साधारण ४ तासांत बेकिंग, म्हणजे ओव्हनमध्ये तापवणं, सुरू व्हावं लागतं, तेही सुमारे १९० अंशांवर, बहुतेकदा २३ तास. ओव्हन रिकामा नसेल तर प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन आत अडकतो आणि पार्ट ठिसूळ होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच खरी भीती.

दुसरी चूक सब-काँट्रॅक्टरची. लोड आला की तो प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर टाकतो आणि कळवत नाही. एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या मानकाप्रमाणे अशा बदलानंतर फर्स्ट आर्टिकल तपासणी (पहिल्या नगाची पूर्ण तपासणी), निदान बदललेल्या भागापुरती, पुन्हा लागू शकते. उत्पादनात दोन वर्षांचा खंड पडला तरी तेच. ते दिवस शेड्यूलमध्ये धरा.

एका लॉटमध्ये दोन हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) मिसळू नका. सर्टिफिकेट जुळत नाही आणि तयार माल रॅकवर पडून राहतो.

पुढच्या चार आठवड्यांचं शेड्यूल गोठवा. बदल करायचाच झाला तर फोनवर नको. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर टाकून लेखी द्या.

हैदराबादला जॉबवर्कला माल जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं. आषाढी वारीत पुणे-सोलापूर रस्त्यावर पालखी असते, तेव्हा ट्रान्सपोर्टला एक दिवस जादा धरा. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) किती येणार, हे डिसेंबरातच विचारून ठेवा.