पानांखाली लाईट लावताय? आधी टायमर बघा

मागच्या वेळी मी खोलीत लाईटवर वाढवलेल्या टोमॅटोच्या बारा झाडांखाली एलईडीचे दहा बार लावले आणि सातव्या आठवड्यात खालची निम्मी पानं स्वतःच्या हाताने खुडून टाकली. जी वाचवायला हा सगळा उद्योग मांडला होता, तीच. आता पुन्हा लावतोय म्हणून तयारीची यादी लिहून काढली. क्रम माझ्या डोक्यात आला तसा आहे आणि एक गोष्ट यात परत परत येणारे, वैतागलात तरी चालेल.

आधी गरज आहे का ते मोजा. वरची पानं उजेड खातात आणि तो खाली जाताना सारखा सारखा कमी होत नाही, प्रत्येक थर उरलेल्यातला हिस्सा काढून घेतो. मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच हे गणित मांडून ठेवलंय. दाट वाढलेल्या टोमॅटोत पानांचं क्षेत्रफळ जमिनीच्या तिप्पट झालं की वर ६०० मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड मोजायचं एकक, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर) असले तरी तळाशी ७०-७५ च्या आसपास पोचतात, त्याहून दाट झालं की अजून कमी, आणि एका मर्यादेच्या खाली गेलं की पान कमावतं कमी आणि श्वसनात उडवतं जास्त. मग दोनच रस्ते, पान काढा किंवा त्याला उजेड द्या. तुमची झाडं बुटकी असतील, विरळ असतील, लेट्यूससारखं काही असेल तर हा खर्च करूच नका, वरचा लाईट नीट लावा आणि गप्प बसा. हे मोजणारा पार मीटर नसेल तर साधा लक्स मीटर चालतो, पांढऱ्या एलईडीखाली आलेला आकडा ७० ने भागला की मायक्रोमोलचा अंदाज येतो. जांभळ्या लाईटखाली मात्र हा भागाकार चालत नाही.

जांभळ्यावरून आठवलं. बार पांढरेच घ्या. मी लाल-निळे घेतले होते कारण कुणीतरी सांगितलं झाडाला तेवढंच लागतं. लागत असेल, पण बघायचं आपल्याला असतं. त्या उजेडात पानाचा खरा रंगच कळत नाही, हिरवं काय पिवळं काय सगळं एकाच नाटकातलं. मला पिवळेपणा दिसायला निदान दोन आठवडे उशीर झाला तो याच्यामुळे. शिवाय दाट पानांत लाल-निळा उजेड पहिल्या एकदोन थरांतच संपतो, हिरवा त्यामानाने आत शिरतो, आणि पांढऱ्यात तो असतो. पाण्यापासून संरक्षण निदान आयपी ६५ हवं, खाली पाणी उडणार, वरून थेंब पडणार. ड्रायव्हर (बारला वीज पुरवणारा डबा) वेगळा निघत असेल तर तो झाडांपासून लांब भिंतीवर.

आता टायमर.

माझा वरचा लाईट डिजिटल टायमरवर होता, बॅटरीवाल्या. पहाटे पाचला चालू, रात्री नऊला बंद, सोळा तास. खालच्या बारना मी कपाटात पडलेला जुना टायमर लावला, तो फिरणाऱ्या चकतीचा, पिना दाबायचा असतो तो. वेळ तीच लावली. लावताना दोन्ही एकदम पेटले, एकदम विझले, मी खूश. पण त्या चकतीवाल्याला बॅटरी नसते. वीज गेली की चकती थांबते, वीज आली की जिथे थांबली तिथून पुढे चालू. अर्धा तास वीज गेली की घड्याळ अर्धा तास मागे, आणि परत कधीच भरून निघत नाही, साचतच जातं. अशी दहा वेळा गेली की झाले पाच तास. म्हणजे खालचे बार सकाळी दहाला पेटायचे आणि रात्री दोनला विझायचे, आणि झाडाला पहाटे पाच ते रात्री दोन असा एकवीस तास उजेड. वरचे बंद झाले की मी दार लावून झोपायला मोकळा, रात्री एक वाजता कोण कशाला बघायला जातंय.

टोमॅटोला हे सोसत नाही. अठरा तासांपर्यंत ठीक, म्हणजे सहा तास काळोख पाहिजेच, त्याच्यावर गेलात की शिरांच्या मधला भाग पिवळा पडायला लागतो. टोमॅटोच्या काही रानटी भाऊबंदांना चोवीस तास उजेड चालतो, आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की यात सीएबी-१३ या एका जनुकाचा मोठा हात आहे. आपण लावतो त्या नेहमीच्या जातींत ती सहनशक्ती नाही. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी शिरांमधला पिवळेपणा बघितला आणि म्हटलं मॅग्नेशियम कमी पडलंय. दोन आठवडे एप्सम सॉल्ट फवारलं. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर दाराखालच्या फटीतून उजेड.

टोमॅटो निदान पिवळा पडून सांगतो तरी. शेवंतीसारखं लहान दिवसाचं झाड, म्हणजे रात्र लांब झाली की फुलणारं, असेल तर मध्यरात्रीचा थोडासा उजेडही तिला पुरतो, रात्र लांब आहे हे तिला कळतच नाही आणि कळ्याच धरत नाही. पानं मस्त हिरवी, तुम्ही वाट बघत बसा.

म्हणून वर आणि खाली एकच टायमर, एकच घड्याळ. खालचे बार कमी तास हवे असतील (मी आता वरचे पेटल्यावर दोन तासांनी पेटवतो आणि दोन तास आधी विझवतो) तर दोन चॅनलचा टायमर घ्या, पण घड्याळ एकच आणि बॅटरीवालं. आणि दोन्ही लाईट थेट टायमरमधून चालवू नका. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतात, स्वस्तातल्या टायमरच्या आतले पॉइंट त्याने चिकटून बसतात, मग टायमरच्या पडद्यावर बंद दिसतं आणि लाईट चालूच. म्हणजे घड्याळ बरोबर असूनही तोच घोळ. टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंट झेलणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरने लाईट. इलेक्ट्रिशियनला एवढं सांगितलं की त्याला कळतं.

तो आलाच आहे तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. हे पर्यायी नाही, आपण ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर, चालू लाईटच्या शेजारी वाकून काम करणार आहोत. प्रत्येक वायरला सॉकेटच्या आधी खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरवरून घरंगळलेलं पाणी झोलाशी ठिबकतं, सॉकेटात जात नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवलेला दिसला तर आधी तो उचला आणि मग पुढचं वाचा.

बसवताना बार ओळींच्या मधे, तोंड वर किंवा तिरकं, पानापासून वीतभर अंतर. एलईडी जुन्या सोडियमच्या दिव्यांसारखे पान भाजत नाहीत, म्हणून तर ते झाडीच्या आत लावता येतात, पण बारला दिवसरात्र टेकलेलं पान करपतंच. उजेड मुळांच्या माध्यमावर, कोकोपीटवर पडता कामा नये. पडला की आठवड्याभरात हिरवं शेवाळ, शेवाळावर चिलटं, चिलटांच्या अळ्या मुळांशी. काळा-पांढरा प्लास्टिक कागद अंथरा, पांढरी बाजू वर, म्हणजे खाली गेलेला थोडा उजेड परत वरही फिरतो. आणि खाली वाकलात की हा उजेड सरळ डोळ्यात येतो, त्याची सवय नसते कारण आयुष्यभर दिवे डोक्यावर बघितलेत. काम करताना बार बंद करा. पण मेन स्विचवरून बंद कराल तर चकतीवाला टायमर तेवढा वेळ थांबेल, म्हणजे परत तेच. एकदा मी हेही केलंय.

कधी सुरू करायचं? पानं म्हातारी व्हायच्या आधी. बरेच दिवस सावलीत राहिलेलं पान सावलीचंच होऊन जातं, त्याला अचानक दोनशे मायक्रोमोल मारले तर ते खुलत नाही, फटफटीत होतं. वरून पानांचा मांडव भरायला लागला की लगेच खालचे बार चालू करा, डिमर असेल तर तिशी-चाळिशीच्या टक्क्यांवर, आणि हळूहळू वर न्या. मला पानाशी ८० ते १०० पुरतात. १०० म्हणजे सोळा तासांत दर चौरस मीटरला ५.७६ मोल, तळाच्या पानासाठी हे खूप झालं. मोजताना मीटरचं तोंड बारकडे, म्हणजे खाली, करायचं. पिकत आलेल्या घोसाच्या खालची पानं काढता तशी काढाच, लाईट लावलाय म्हणून प्रत्येक जुनं पान जपायची भावनिक गरज नाही.

पाणी वाढणार. इतके दिवस झोपलेली खालची पानं आता बाष्प सोडायला लागतात, त्यामुळे ठिबकचं जुनं वेळापत्रक तसंच ठेवलं तर दुपारी झाडं मान टाकतात. आणि टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा डाग आला तर कॅल्शियमच्या बाटलीकडे धावण्याआधी पाणी कमी पडतंय का ते बघा. पाणी जास्त प्यायला लागली की खताच्या द्रावणाचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) थोडा उतरवा.

तेच बाष्प खाली अडकतं. माझे दहा बार ४० वॅटचे, म्हणजे ४०० वॅट, सोळा तासांत ६.४ युनिट, आणि शेवटी जवळपास सगळी उष्णताच. दिवसा ती उष्णता हवा कोरडी ठेवते म्हणून काही जाणवत नाही. लाईट विझले की पंचाईत, २५ अंशाला ६० टक्के दमट असलेली हवा तशीच १८ अंशांवर आली की ९२ टक्के होते, आणि दाट पानांत त्याहून वाईट. करडी बुरशी इथेच धरते. म्हणून जमिनीलगत छोटे फॅन, आडवे, पानं जेमतेम हलतील इतकेच. हे फॅन टायमरवर टाकायचे नाहीत! लाईट टायमरवर, फॅन चोवीस तास. उलटं केलेलं मी बघितलंय.

पुढचं पटापट. दर आठवड्याला बार बंद करून ओल्या फडक्याने पुसा, खताच्या थेंबांचे पांढरे डाग बसतात आणि उजेड खातात. पडलेली पानं बारवर साचू देऊ नका. पानाची मागची बाजू बघा, लाल कोळी गरम कोपऱ्यात आधी येतो, आणि आता खाली उजेड आहे तर न दिसायला सबब नाही. एक जादा ड्रायव्हर ठेवा. वायर केबल टायने बांधा, सुतळीने नको, सुतळी ओली राहते. एकदोन झाडं मुद्दाम खालच्या लाईटशिवाय ठेवा म्हणजे फरक पडतोय की आपण उगीच बिल भरतोय ते कळेल, मी ठेवली नव्हती त्यामुळे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

वीज गेली, परत आली, की टायमरचं घड्याळ फोनशी जुळवून बघा. प्रत्येक वेळी. बॅटरीवाला असला तरी, कारण बॅटरीही मरते आणि मेलेली कळत नाही. आणि आठवड्यातून एक रात्र, लाईट विझायच्या वेळेनंतर तासाभराने उठून त्या खोलीच्या दाराशी जा. दार उघडू नका, नुसतं खालच्या फटीकडे बघा.