कॉरीडोरासच्या पैदाशीसाठी टाकीचा तळ कसा निवडावा

कॉरीडोरास कॅटफिशची पैदास करायची ठरली की फिल्टर, हीटर आणि नर-मादीची निवड यांवर पुष्कळ विचार होतो आणि तळाचा विषय दुकानात मिळालेली रंगीत खडी पसरून संपवला जातो. हा मासा मात्र जागेपणीचा बहुतेक वेळ तळाशी घालवतो, तिथेच खातो, आणि त्याची पिल्ले तर सुरुवातीचे काही आठवडे तळ सोडून फारशी वर येत नाहीत. म्हणून तळाची निवड सजावटीच्या अंगाने न करता माशाच्या तोंडाच्या आणि पोटाच्या अंगाने करावी. शिवाय मोठे मासे, अंडी आणि पिल्ले या तिघांना एकच तळ मानवत नाही, हेही सुरुवातीलाच गृहीत धरावे. येथे मुख्यतः आपल्याकडे सहज मिळणारे ब्रॉन्झ, अल्बिनो आणि पेपर्ड हे प्रकार डोळ्यांसमोर ठेवले आहेत. 2024 मध्ये या कुळाची फेरमांडणी होऊन त्यांची शास्त्रीय नावे बदलली असली, तरी दुकानात ते अजून कॉरी म्हणूनच मिळतात.

मोठ्या माशांचा तळ

कॉरी खाताना नीट पाहावे. तो मिशांनी वाळू चाचपत पुढे सरकतो, मग मुस्कट वाळूत खुपसतो, कधीकधी अगदी डोळ्यांपर्यंत, आणि तोंडभर वाळू घेतो. खाण्याजोगे तेवढे तोंडात राहते आणि बाकीची वाळू कल्ल्यांच्या फटींतून बारीक धारेने बाहेर पडते. दिवसभर चालणारी ही क्रिया वाळूचा कण तोंडात मावून कल्ल्यातून निघण्याइतका बारीक असेल तरच शक्य होते. कणाचा आकार बारीक रव्याएवढा, म्हणजे 1 मिलिमीटरपेक्षा कमी असावा आणि त्याच्या कडा गोलसर असाव्यात.

खडी या माशासाठी दोन कारणांनी वाईट ठरते. तिच्या फटींत पडलेले खाद्य माशाच्या तोंडाला लागत नाही आणि तिथेच कुजते. आणि त्या कुजलेल्या जागी तोंड घासत राहिल्याने मिशा हळूहळू झिजतात. मिशा झिजण्याचा सगळा दोष खड्यांच्या धारेवर टाकण्याची पद्धत आहे, परंतु घाण साचलेला तळ आणि त्यावरचे जिवाणू हे निदान तितकेच मोठे कारण आहे. गुळगुळीत गोट्यांच्या पण अस्वच्छ टाकीतही आखूड मिशांचे कॉरी दिसतात. मिशा मुळापर्यंत गेल्या नसतील, तर स्वच्छ बारीक वाळूत त्या पुष्कळदा पुन्हा वाढतात.

जुन्या पद्धतीची, तळाखाली जाळीची प्लेट बसवलेली अंडरग्रॅव्हल फिल्टरची टाकी घरात असेल, तर ती प्लेट काढून टाकावी. बारीक वाळू तिच्या फटींतून खाली उतरते आणि फिल्टर बंद पाडते. वाळूच्या टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, आणि पैदाशीच्या टाकीत तोच सर्वांत निर्धोक असतो.

थर 2 ते 3 सेंटिमीटरचा पुरे. याहून जाड थरात, विशेषतः कोपऱ्यांत आणि दगडांखाली, पाणी खेळत नाही, वाळू काळी पडते आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. कॉरी वरचा थर स्वतःच उलथापालथा करत राहतात, पण खोलवर ते पोचत नाहीत. 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद टाकीत 2 सेंटिमीटरचा थर देण्यासाठी साधारण 3.6 लिटर, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास कोरडी वाळू लागते. अगदी पांढरीशुभ्र वाळू शक्यतो टाळावी. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात मासे फिके पडतात आणि बुजून आडोशाला बसतात. बदामी किंवा तपकिरी वाळूवर तेच मासे मोकळेपणाने फिरतात.

वाळू कोठून आणावी आणि कशी पारखावी

पाणी गाळण्याच्या टाक्यांत आणि जलतरण तलावांच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू सर्वांत सोयीची असते, कारण ती चाळून ठरावीक मापात विकली जाते आणि पाण्याच्या गुणधर्मांत ढवळाढवळ करत नाही. घेताना सर्वांत बारीक माप मागावे. बांधकामाच्या ठिकाणी हल्ली सर्रास दिसणारी क्रश सँड मात्र आणू नये. ती दगड, म्हणजे आपल्याकडे बहुधा काळा बसाल्ट, फोडून केलेली असल्यामुळे तिचे कण टोकदार असतात आणि तिच्यातली भुकटी कितीही धुतली तरी पाणी गढूळ करत राहते. शंका आली तर चिमूटभर वाळू अंगठा आणि तर्जनीत दाबून चोळावी. नदीची वाळू घरंगळते, फोडलेली वाळू टोचते.

कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू फुकटात मिळेल असा मोह होतो, पण तिच्यात मिठाबरोबर शिंपल्यांचा चुरा असतो. तो हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच दोन्ही वाढवतो. रत्नागिरीच्या बाजूच्या काही किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात, आणि चुंबकाला चिकटणारे असे कण पॉवर फिल्टरच्या चुंबकी पंख्यात जाऊन बसतात. शिवाय किनाऱ्यावरून काय आणि नदीपात्रातून काय, वाळू उचलण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. म्हणून विकत आणलेलीच बरी.

कोणतीही वाळू आणली तरी दोन चमचे काचेच्या वाटीत घेऊन त्यावर पांढरे व्हिनेगर ओतावे आणि वाटी कानाशी धरावी. बारीक बुडबुडे किंवा चुरचुर आवाज आला तर तिच्यात चुना आहे असे समजावे. ज्यांच्याकडे बोअरवेलचे पाणी मुळातच जड आहे त्यांनी अशी वाळू अजिबात वापरू नये. त्यानंतर चुंबक फिरवून पाहावे. मग पिठाच्या चाळणीने वाळू चाळावी. चाळणीतून खाली पडलेली वाळू पिल्लांसाठी वेगळी ठेवावी आणि वर राहिलेल्या वाळूतले खडे वेचून ती मोठ्यांच्या टाकीत घालावी. धुताना बादलीत एका वेळी दोन-तीन किलोपेक्षा जास्त वाळू घेऊ नये. नळाखाली हाताने तळापासून ढवळत राहावे आणि वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ओतत राहावे. टाकीत वाळू पसरल्यावर तिच्यावर एक बशी ठेवून त्या बशीत पाणी सोडल्यास थर उखडत नाही.

वनस्पतींच्या टाक्यांसाठी मिळणारी ॲक्वा सॉइल मऊ पाण्यासाठी चांगली असली, तरी तिचे बरेचसे प्रकार पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडतात, आणि कॉरींच्या सततच्या उकरण्याने तिचे दाणे फुटून चिखल होतो. पैदाशीच्या टाकीत तिचे काही काम नाही.

अंड्यांच्या वेळी

कॉरीची मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत थोडी थोडी अंडी धरते आणि ती काचेवर, रुंद पानांखाली किंवा स्पंज फिल्टरच्या नळीवर चिकटवत जाते. तळावर सहसा काहीच पडत नाही, त्यामुळे अंडी देण्याच्या दृष्टीने तळ वाळूचा आहे की उघड्या काचेचा याने फारसा फरक पडत नाही. तरीही थंड पाण्याने पाणीबदल करून मासे उद्युक्त करायचे असतील, तर ते ओळखीच्या वाळूवर निर्धास्त असलेले बरे. अंडी दिल्यावर मात्र आईबापच ती खातात. म्हणून काही तासांत, अंड्यांचे कवच किंचित घट्ट झाल्यावर, बोटाच्या टोकाने हळुवार लोळवून ती सोडवावीत.

अंड्यांच्या भांड्यात वाळू मुळीच नको. प्लास्टिकचा स्वच्छ डबा, मूळ टाकीचेच पाणी, मंद बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि पाणी फिकट निळे दिसेल इतकेच मिथिलीन ब्लू हे बुरशीरोधक औषध, एवढ्याने भागते. उघड्या तळावर बुरशी लागलेले पांढरे अंडे लगेच दिसते आणि ड्रॉपरने उचलून टाकता येते. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि पुढचे दोन दिवस पोटाखालच्या बलकावर जगतात. तोवर त्यांना याच डब्यात राहू द्यावे.

पिल्लांचा तळ

मतभेद सर्वांत जास्त आहेत ते येथे. एक गट म्हणतो की तळ उघडा ठेवावा, कारण उरलेले खाद्य दिसते आणि सायफनने, म्हणजे नळीने पाण्याबरोबर ओढून, काढता येते. तर्क सरळ आहे, पण तो पाळणाऱ्याच्या सोयीचा आहे. उघड्या काचेवर एकाच दिवसात खाद्याचा आणि विष्ठेचा बुळबुळीत पापुद्रा जमतो. काचेवरून बोट फिरवले तर तो जाणवतो. कॉरीचे पिल्लू त्या पापुद्र्यावर पोट टेकून तासन् तास बसते. पोट लालसर होणे, पर आणि मिशा झडणे, आणि खाऊन पोट भरलेली पिल्ले दुसऱ्या दिवशी मेलेली आढळणे, हे प्रकार बहुधा तिथूनच सुरू होतात. जो माणूस दिवसातून दोनदा तळ पुसून पाणी बदलतो त्याला उघडी काच चालते. बाकीच्यांनी पातळ वाळूचा मार्ग धरावा.

पातळ म्हणजे खरोखरच पातळ. 2 ते 3 मिलिमीटर, काच जेमतेम झाकेल एवढाच थर असावा. 45 बाय 30 सेंटिमीटरच्या टाकीला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम वाळू पुरते. चाळून वेगळी ठेवलेली बारीक वाळू उकळत्या पाण्याने धुऊन, गार करून पसरावी. एवढ्या थरात खाद्य गाडले जात नाही, कणांवर उपयोगी जिवाणूंना बसायला जागा मिळते आणि पिल्लू उकरू लागले की पापुद्रा आपोआप मोडतो. आठवड्याभराचे पिल्लूही आपल्या परीने वाळू चाळताना दिसते. पाण्याची उंची सुरुवातीला 10 ते 15 सेंटिमीटर असली की पुरे.

याच्या जोडीला देशी बदामाचे एक-दोन वाळलेले पान टाकावे. महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला आणि शाळांच्या आवारात ही झाडे भरपूर आहेत. आपोआप गळलेले, पूर्ण तपकिरी आणि फवारणी न झालेल्या ठिकाणचे पान घ्यावे, धुवावे आणि दिवसभर भिजत ठेवावे. पानावर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लांच्या पोटात जातात आणि पान त्यांना आडोसाही देते. पाणी चहाच्या रंगाचे झाले तर घाबरण्याचे कारण नाही.

खाद्य म्हणून मायक्रोवर्म हे सूक्ष्म जंत आणि अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, द्यावेत. मायक्रोवर्म तळाशी बुडून काही तास वळवळत राहतात, त्यामुळे पिल्लांना ते सापडतात. आर्टेमिया गोड्या पाण्यात त्या मानाने लवकर मरतात, म्हणून ते थोडे थोडे द्यावेत. लहान गोगलगायी उरलेसुरले खातात, त्यामुळे पिल्लांच्या टाकीत त्या असू द्याव्यात. टाकीत हायड्रा किंवा प्लॅनेरिया हे बारीक जलजीव दिसू लागले, तर खाद्य जास्त होत आहे असा त्याचा अर्थ घ्यावा.

वाळू असलेल्या टाकीची सफाई सायफनच्या जाड नळीने करता येत नाही, कारण ती वाळू आणि पिल्ले दोन्ही ओढते. हवेच्या पंपाची बारीक नळी एका काडीला रबरबँडने बांधावी, टोक वाळूच्या अर्धा सेंटिमीटर वर धरावे आणि नळी चिमटीत दाबून धार कमी-जास्त करावी; घाण हलकी असल्याने वर उचलली जाते आणि वाळू जागेवर राहते. पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे आणि ओतण्यापूर्वी बादली उजेडात पाच मिनिटे ठेवावी. ओढले गेलेले पिल्लू तळाशी सुईच्या टोकाएवढ्या काळ्या डोळ्यांवरून ओळखू येते आणि ड्रॉपरने परत सोडता येते.

पिल्ले दीड-दोन सेंटिमीटरची झाली की थर वाढवून 1 सेंटिमीटरपर्यंत न्यावा. दुसऱ्या टाकीत हलवताना ती जाळीत न धरता पेल्यात घ्यावीत, कारण त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात.

ब्रिसलनोजचा अपवाद

हे सगळे ब्रिसलनोज प्लेकोला, म्हणजे दुकानातल्या छोट्या सकर फिशला, लागू होत नाही. त्याचे तोंड वाळू चाळण्यासाठी नसून पृष्ठभाग खरवडण्यासाठी आहे. नर मातीच्या नळीत किंवा लाकडाच्या पोकळीत अंडी राखतो आणि बाहेर पडलेली पिल्ले काचेला आणि लाकडाला चिकटून राहतात, तळावर पोट टेकून बसत नाहीत. ती सतत खातात आणि त्या मानाने प्रचंड विष्ठा टाकतात. अशा टाकीत वाळू घातली तर विष्ठेचा थर रोज वाळूवर चढतो आणि काढताना वाळूच निघून येते. म्हणून ब्रिसलनोजच्या पिल्लांसाठी उघडा तळ, स्पंज फिल्टर, एक लाकडाचा तुकडा आणि रोजचा सायफन हीच मांडणी योग्य. उघड्या काचेच्या खाली, बाहेरच्या बाजूने गडद रंगाचा कागद लावावा, म्हणजे खालून उजेड आणि प्रतिबिंब येत नाही. कॉरी आणि ब्रिसलनोज यांची पिल्ले एकाच टाकीत वाढवण्याचा विचार असेल तर थर कॉरींच्या गरजेइतका पातळ ठेवावा आणि सफाई ब्रिसलनोजच्या विष्ठेच्या हिशेबाने करावी. शक्य असेल तर मात्र दोन टाक्या कराव्यात.