"गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारू नका

कॅन्सर ओपीडीत फॉलोअपला बसायला लागून मला नऊ वर्षं झाली. नव्या सिस्टर येतात त्या केमोचं सगळं वाचून येतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर द्यायच्या हार्मोनच्या गोळीबद्दल मात्र "रोज एक, निदान पाच वर्षं" एवढंच.

सुरुवातीला मीही प्रत्येकीला विचारायचे, "मावशी, गोळ्या चालू आहेत ना?" उत्तर ठरलेलं, "हो." एकदा एका मावशींनी रिपोर्ट काढायला पिशवी उपडी केली आणि टॅमॉक्सिफेनची, म्हणजे त्याच हार्मोनच्या गोळीची, पट्टी टेबलावर पडली. सोबत चार महिन्यांपूर्वीचं बिल, आणि दहातल्या तीनच गोळ्या काढलेल्या. मी रागवायच्या आत त्याच म्हणाल्या, "रात्री अंगातून वाफा निघतात गं. दोनदा उठून ब्लाऊज बदलते. सून विचारते, काय झालं? तिला काय सांगू?"

तेव्हापासून मी विचारते, "गेल्या पंधरा दिवसांत किती वेळा राहिली?" राहतेच, असं धरून विचारलं की बायका बोलतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न: गाठ काढली, केमो झाली, आता गोळी कशाला? मी कुलपाचं सांगते. गाठ इस्ट्रोजेनवर, म्हणजे बाईच्या अंगातल्या हार्मोनवर, पोसलेली; मागे एखादी पेशी राहिली असेल तर तिच्या कुलपात टॅमॉक्सिफेन आधीच जाऊन बसतं, मग इस्ट्रोजेनची खरी किल्ली शिरत नाही. लेट्रोझोल ही दुसरी हार्मोनची गोळी, तिचं काम वेगळं. पाळी गेल्यावरही चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत असतं, ते बनणंच ते रोखतं. अंडाशय चालू असेल तर नुसत्या लेट्रोझोलने भागत नाही, सोबत अंडाशय थांबवणारं इंजेक्शन लागतं. म्हणून केमोत पाळी बंद झाली म्हणजे कायमची गेली, असं कधीही समजू नका. काही महिन्यांनी परत येऊ शकते. आणि टॅमॉक्सिफेनवर दिवस राहू द्यायचे नाहीत, हे तरुण मुलींना स्पष्ट सांगा. (लेट्रोझोल मूल होण्यासाठीही देतात. कुणीतरी मोबाइलवर वाचतं आणि घरात गोंधळ उडतो. पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं.)

लेट्रोझोलवाल्यांची बोटं सकाळी आखडतात, पोळी लाटवत नाही. चालण्याने फरक पडतो, पण पहिल्या दिवशी चालताना दुखतंच, हेही सांगा. या गोळीने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची डेक्सा तपासणी कधी झाली ते फाइलमध्ये बघा. वाफांवर औषधं आहेत. सहन करा म्हणू नका, डॉक्टरांकडे पाठवा. मात्र पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठीही मागा.

टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून रक्त गेलं, किंवा कुणाचीही एकच पोटरी सुजली, अचानक धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

एक गोष्ट कुणीच आपणहून काढत नाही: खालची जागा कोरडी पडते, जवळ येणं नकोसं होतं. नवरा शेजारी असताना तर नाहीच. मी नवऱ्याला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवते. शिक्क्याची रांग लांब असते.